आधी मैदाने, मग मॉल

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि आपल्या देशातील राज्यकर्त्यांनी त्या तीन वर्षांचा हिशेब बासनात बांधून ठेवून दिला. प्राणवायूअभावी तडफडून गेलेली माणसे, शेकडो मैलांची पायपीट करीत गावाकडे निघालेले मजूर, लशींच्या किमतींवरून चाललेला बाजार, यांवर निदान काही प्रमाणात तरी चर्चा झाली. परंतु त्या काळातील एक प्रश्न असा आहे की ज्याच्याकडे सरकारचे तर नाहीच, पण डाव्या व लोकशाहीवादी चळवळीचेही पुरेसे लक्ष गेले नाही. तो प्रश्न कष्टकऱ्यांच्या मुलामुलींच्या खेळाचा. मार्च २०२० मध्ये शाळांच्या पटांगणांना, पालिकांच्या मैदानांना आणि तालमींना जी कुलुपे लागली, ती कोणासाठी आधी उघडली, कोणासाठी उशिरा उघडली आणि ते कोणत्या शास्त्राच्या आधारे ठरले, याचा जाब कोणी विचारला नाही.

माणसे मरत असताना यांना खेळ कसला सुचतो, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप आम्ही थट्टेवारी नेत नाही. एका खोलीत आजी-आजोबांसह सहा-सात जण राहतात, तेथे बाहेरून खेळून आलेले पोर घरात आजार आणील ही भीती खरी होती आणि एप्रिल-मे २०२१ मध्ये ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांना ती कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. निर्बंध आवश्यक होते, काही काळ तर ते अधिक कडक हवे होते, हे आमचे मत तेव्हाही होते व आजही आहे. प्रश्न निर्बंध असावेत की नसावेत हा नाही. ते शिथिल करताना रांग कशी लावली, हा आहे.

ही रांग तारीखवार पाहिली म्हणजे बोलण्यासारखे फारसे उरत नाही. १७ मे २०२० च्या आदेशान्वये केंद्रीय गृहमंत्रालयाने क्रीडासंकुले व स्टेडियम प्रेक्षकांविना उघडण्यास मुभा दिली. त्याच आदेशात दहा वर्षांखालील मुलांनी अत्यावश्यक वा आरोग्याच्या कारणाखेरीज घराबाहेर पडू नये असे सांगितलेले होते. म्हणजे संकुल उघडले ते ज्याला त्याच्या फाटकातून आत जाण्याचा परवाना आधीपासूनच होता त्याच्यासाठी. सरकारच्या लेखी खेळाडू म्हणजे पदकाच्या यादीतील माणूस, गल्लीतले पोर नव्हे. त्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीसाठी ‘खेलो इंडिया’च्या २,७४९ खेळाडूंना प्रत्येकी ३०,००० रुपये देण्यात आले, हे मान्य केले पाहिजे आणि ते योग्यच झाले. पण या खंडप्राय देशात खेळणाऱ्या तरुणांची संख्या २,७४९ नाही.

महाराष्ट्रातील क्रम तर अधिकच बोलका आहे. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात दारूची दुकाने उघडली. ५ ऑगस्टपासून मॉल उघडले. त्याच आदेशात संघाविना खेळल्या जाणाऱ्या मैदानी खेळांना परवानगी मिळाली आणि त्यांची नावेही देण्यात आली: गोल्फ, नेमबाजी, टेनिस, जिम्नॅस्टिक्स, मैदानी बॅडमिंटन आणि मल्लखांब. या पंक्तीत मल्लखांबाला पान मिळाले याचा आनंद मानावा की यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा गोल्फ आला याचे नवल करावे, हे वाचकांनी ठरवावे. ५ ऑक्टोबरला उपाहारगृहे व बार उघडले. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या मुहूर्तावर, देवळे उघडली. २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीच्या शाळा सुरू करण्यास मुभा मिळाली, पण जिल्ह्याजिल्ह्यांतील परिस्थितीनुसार, आणि मुंबईत तर नाहीच. पहिली ते चौथीची मुले शाळेच्या पटांगणावर परत आली ती डिसेंबर २०२१ मध्ये, वीस महिन्यांहून अधिक काळानंतर. आल्यावर महिनाभरातच, जानेवारी २०२२ मध्ये, शाळा पुन्हा बंद झाल्या. मॉल आणि उपाहारगृहे मात्र निम्म्या क्षमतेने चालू राहिली. पालक, शिक्षक व बालरोगतज्ज्ञ यांनी आवाज उठवला तेव्हा कोठे २४ जानेवारीपासून शाळांची दारे उघडू लागली.

बंदिस्त, वातानुकूलित इमारतीत गर्दीने फिरणे चालते आणि मोकळ्या आकाशाखाली दहा मुलांनी खो-खो खेळणे चालत नाही, याला साथरोगशास्त्र म्हणत नाहीत. कोविडचा विषाणू मुख्यतः श्वासावाटे हवेत पसरतो आणि कोंदट, बंद जागेत तो अधिक पसरतो, उघड्यावर त्याचा धोका कितीतरी कमी असतो, हे २०२० च्या अखेरीस जगभरच्या अभ्यासकांना पुरेसे स्पष्ट झालेले होते. त्या वर्षी एप्रिलमध्येच डेन्मार्कने लहान मुलांच्या शाळा सुरू केल्या तेव्हा शक्य तेथे वर्ग अंगणात आणि बागांत भरवले. इंग्लंडमध्ये आधी मोठी चूक झाली. नोव्हेंबर २०२० च्या टाळेबंदीत तेथे मुलांचे मैदानी खेळही थांबवले गेले. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्बंध उठवण्याचा जो टप्पेवार कार्यक्रम आखला, त्यात ८ मार्चला शाळा, २९ मार्चला संघटित मैदानी खेळ आणि दुकाने व उपाहारगृहे त्यानंतर, असा क्रम होता. तेथील सत्ता काही कामगारांच्या हाती नव्हती. तरीही एवढी समज त्यांना दाखवावी लागली.

आपल्याकडे मात्र बाजार हाच वैद्य ठरला. याचे सर्वांत उघडेवाघडे दर्शन क्रिकेटमध्ये घडले. साथ ऐन भरात असताना, १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर २०२० या काळात, आयपीएलचा सारा तंबू संयुक्त अरब अमिरातीत हलवून सामने पार पाडण्यात आले. विमाने, हॉटेले, नित्य चाचण्या, ‘जैवसुरक्षित’ कोंडाळे, कशालाही पैसा कमी पडला नाही. रणजी करंडक मात्र त्या हंगामात रद्द झाला. १९३४-३५ पासून, महायुद्धाच्या काळातही, न खंडलेली स्पर्धा पहिल्यांदा खंडली. मार्च २०२१ मध्ये अहमदाबादच्या नव्याने नाव बदललेल्या स्टेडियमवर भारत-इंग्लंड यांच्यातील पहिले दोन टी-ट्वेंटी सामने हजारो प्रेक्षकांच्या गर्दीत खेळवले गेले आणि साथ वाढू लागताच पुढचे सामने रिकाम्या स्टेडियमवर खेळवण्याची पाळी आली. त्याच आठवड्यात क्रिकेट मंडळाने वयोगटांच्या सर्व स्पर्धा पुढे ढकलल्या. एकोणीस वर्षांखालील मुलांची विनू मांकड करंडक स्पर्धाही त्यात होती. वाढत्या साथीत मुलांना गावोगाव फिरवणे धोक्याचे आहे, हे कारण बरोबरच होते. मग तीनच आठवड्यांनी, ९ एप्रिलला, आयपीएल सुरू कशी झाली?

त्या महिन्यातील महाराष्ट्र शासनाचे आदेश आजही काढून वाचावेत. ५ एप्रिलपासून रात्री आठनंतर संचारबंदी, क्रीडासंकुले व तरणतलाव बंद, सार्वजनिक मैदाने रात्री आठ ते सकाळी सात आणि शनिवार-रविवारी पूर्ण बंद. आणि आयपीएलच्या संघांना रात्री आठनंतर सराव करण्याची व हॉटेलात ये-जा करण्याची खास परवानगी. १४ एप्रिलपासून निर्बंध आणखी कडक झाले, तरी वानखेडेवरचे दिवे महिन्याच्या पंचविशीपर्यंत जळत राहिले. रुग्णालयांबाहेर रांगा लागलेल्या होत्या आणि प्राणवायूसाठी मालगाड्या धावत होत्या. अखेर खेळाडूंनाच संसर्ग झाला तेव्हा, ४ मे रोजी, स्पर्धा थांबवावी लागली. लोक थकलेले आहेत, त्यांना करमणूक हवी, असा युक्तिवाद तेव्हा करण्यात येत होता. लोकांच्या करमणुकीची एवढी कळकळ असणाऱ्यांना लोकांच्या पोरांची आठवण मात्र होत नव्हती.

जाता जाता आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये शेतकरी दिल्लीच्या वेशीवर येऊन थडकले तेव्हा दिल्ली पोलिसांनी शहरातील नऊ स्टेडियम तात्पुरते तुरुंग म्हणून मागितली होती. दिल्ली सरकारने ती दिली नाहीत. पण मागणाऱ्यांच्या मनात मैदानाचा उपयोग काय होता हे त्यातून कळले. मैदाने व संकुले विलगीकरणासाठी आणि रुग्णांसाठी वापरली गेली, त्याबद्दल मात्र आमची तक्रार नाही. वरळीचा एनएससीआय डोम किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदान रुग्णांच्या खाटांसाठी घेतले तेव्हा ते योग्यच झाले. खाटा उचलल्यावर किती जागा मुलांना परत मिळाल्या आणि किती ठिकाणी कुंपणाचे पत्रे तसेच राहिले, याची चौकशी आपणच आपापल्या गावी करायची आहे.

कुलुपांनी मुले वाचली काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जून-जुलै २०२१ मधील चौथ्या देशव्यापी पाहणीत सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. सबंध लोकसंख्येचे प्रमाण ६७.६ टक्के होते. म्हणजे शाळा व मैदाने बहुतांश काळ बंद असूनही निम्म्याहून अधिक मुलांना विषाणू गाठून गेलेला होता. तो त्यांना पटांगणावर गाठू शकत नव्हता, कारण पटांगणे बंद होती. तो घरात आला. आणि घर म्हणजे काय, हे मुंबईच्या जुलै २०२० च्या पाहणीने दाखवून दिले होते. तीन विभागांतील झोपडवस्त्यांत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आणि त्याच विभागांतील इमारतींत १६ टक्के लोकांना. धारावीत सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख माणसे राहतात. तेथल्या मुलाला ‘घरी सुरक्षित राहा’ असे सांगणे म्हणजे त्याला बाहेरच्या मोकळ्या हवेतून काढून अधिक गर्दीच्या, अधिक कोंदट जागेत बसवणे होते. ज्याच्या घराला गच्ची, अंगण किंवा सोसायटीचे आवार होते त्याचे मूल त्या दोन वर्षांतही सायकल चालवत होते. निर्बंध कागदावर सर्वांना सारखे होते. जागा सारखी नव्हती.

या दोन वर्षांत नेमके काय गेले, हे पैशात मोजता येत नाही, पण मोजता येण्यासारखेही पुष्कळ आहे. शालेय स्पर्धांचे गट चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालचे असतात आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी त्यांची पायरी असते. सोळाव्या वर्षी हुकलेला हंगाम अठराव्या वर्षी परत मिळत नाही, वयाची नोंद पुढे सरकलेली असते. ऐपतदार खेळाडूला खासगी प्रबोधिनी, आहारतज्ज्ञ, घरचे व्यायामयंत्र असते. शेतमजुराच्या मुलीला पटांगण आणि शारीरिक शिक्षणाचे गुरुजी एवढेच असते. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना वाढीव गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. या दोन्हींचा मार्ग स्पर्धेच्या प्रमाणपत्रातून जातो. स्पर्धाच नाहीत तर प्रमाणपत्र कोठले? खेळ हा ज्यांना छंद वाटतो त्यांच्या लक्षात हे येत नाही, की गरिबाघरच्या तरुणाच्या दृष्टीने खेळ हा नोकरीच्या दारापर्यंत नेणारा, आणि बहुधा एकमेव, रस्ता असतो.

सातारा, सांगली, कोल्हापूर, बीड, तसेच हरियाणा, राजस्थान, बिहार येथील खेड्यांतून पहाटे डांबरी रस्त्यांवर धावणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. सैन्यभरतीत १६०० मीटर धावावे लागते, पोलीस भरतीतही धावावे लागते. शाळेच्या मैदानाला कुलूप म्हणून ही मुले वाहनांच्या वर्दळीतून धावत होती. आणि धावून गाठायचे काय? कोविडचे कारण सांगून सैन्यभरती दोन वर्षे जवळजवळ ठप्प ठेवण्यात आली. त्यानंतर १४ जून २०२२ रोजी चार वर्षांच्या कंत्राटाची ‘अग्निपथ’ योजना पुढे करण्यात आली, आणि तिच्यात वयाची मर्यादा २१ वर्षांची. देशभर तरुण रस्त्यावर आले तेव्हा दोनच दिवसांत ती एका वेळेपुरती २३ वर्षे करावी लागली. दोन वर्षे वाया गेली हे सरकारने आपल्या तोंडानेच कबूल केले, पण तरुणांनी रेल्वेरुळांवर बसल्यानंतर. त्यानंतर महाराष्ट्रात १८ हजारांहून अधिक पोलिसांच्या जागा निघाल्या तेव्हा लाखोंच्या संख्येने अर्ज आले. ती गर्दी बेकारीची होती आणि साचून राहिलेल्या वर्षांचीही होती.

मुलींचे नुकसान याहून खोल आहे. गावात मुलगी मैदानावर दिसू लागण्यासाठी शाळेच्या एखाद्या बाईंना, एखाद्या प्रशिक्षकाला चार-चार वर्षे घरोघरी जाऊन आईबापांची मने वळवावी लागतात. झारखंडच्या सिमडेगा-खुंटी भागात आदिवासी मुलींच्या हॉकीची जी परंपरा उभी राहिली आणि जिच्यातून टोकियोत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलेल्या संघात दोन मुली आल्या, ती अशाच कामावर उभी आहे. हा धागा एकदा तुटला की पुन्हा जोडणे कठीण. मैदान बंद, शाळा बंद, घरात कमाई नाही, अशा वेळी मुलीचे काय करायचे हा प्रश्न कुटुंबे कसा सोडवतात ते आपल्याला ठाऊक आहे. साथीच्या परिणामी २०३० पर्यंत जगभरात आणखी १ कोटी मुलींचे बालविवाह होण्याचा धोका आहे, असा इशारा युनिसेफने मार्च २०२१ मध्ये दिला होता. हरलेला सामना पुन्हा खेळता येतो. पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेलेली धावपटू परत येत नाही.

कुस्तीचे उदाहरण घ्या. आमच्या ग्रामीण भागातील मल्ल हा जत्रांवर जगतो. फाल्गुन-चैत्रापासून गावोगावच्या यात्रांत जी मैदाने भरतात, त्यांतील इनामांवर दूध, तूप, बदाम यांचा खर्च निघतो. २०२० आणि २०२१ चे दोन्ही हंगाम बुडाले. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत झालेल्या महाराष्ट्र केसरीनंतर पुढची स्पर्धा थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात भरली. तालमी बंद ठेवण्याला तर आधार होता. कमी उंचीचे छप्पर, एकच दार, घामाने दमट झालेली हवा आणि अंगाला अंग भिडवण्याचा खेळ. साथ पसरायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. पण तालीम बंद ठेवायची तर मल्लाच्या पोटाचे काय, हा प्रश्न त्याच हुकुमात सुटायला हवा होता. तासिकेवर व मानधनावर राबणाऱ्या प्रशिक्षकांचे, मैदानाची निगा राखणाऱ्या कामगारांचेही तेच. रद्द झालेल्या रणजी हंगामाबद्दल क्रिकेट मंडळाने सप्टेंबर २०२१ मध्ये खेळाडूंना सामन्याच्या मानधनाच्या निम्मी भरपाई जाहीर केली. श्रीमंत मंडळाला उशिरा का होईना ते जमले. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांच्या खेळाडूंना असे विचारणारे कोणी नव्हते.

आणि सरकारची तिजोरी कोणत्या दिशेला वळली? ‘खेलो इंडिया’साठी २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात ८९०.४२ कोटी रुपये ठेवले होते; २०२१-२२ मध्ये ते ६५७.७१ कोटींवर आणले, म्हणजे २३२ कोटींहून अधिक कपात. टोकियोहून पदके आली तेव्हा सत्कारांची व छायाचित्रांची रांग लागली, पण कपातीचे छायाचित्र कोणी काढले नाही. वास्तविक ज्या वर्षी मुले सर्वांत अधिक घरात कोंडली गेली होती, त्या वर्षानंतर त्यांना मैदानावर परत आणण्यासाठी अधिक पैसा लागणार हे समजायला अर्थशास्त्राची पदवी नको.

मुळात ज्या पायावर हे सारे उभे करायचे तो पायाच कच्चा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान असावे असे लिहिले आहे. पण शारीरिक शिक्षणाच्या निदेशकाची तरतूद पाहा: सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच, आणि तोही अर्धवेळ. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूदच नाही. वाडी-वस्तीवरची, पाड्यावरची शाळा शंभराचा पट कोठून आणणार? मुंबईसारख्या शहरात मोकळ्या जागा खासगी संस्थांना ‘दत्तक’ देण्याचे धोरण वेळोवेळी पुढे येते आणि नागरिकांनी विरोध केला की मागे जाते. जी जागा साथीपूर्वीच लोकांच्या हातातून निसटत होती ती साथीत त्यांच्यासाठी आधी उघडेल, ही अपेक्षाच भाबडी होती.

कोविड हा शेवटचा साथरोग नव्हे. निती आयोगाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये पुढील साथीच्या पहिल्या शंभर दिवसांत काय करावे याचा आराखडा मांडला, मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य राष्ट्रांनी साथींविषयीचा करार संमत केला. रोगाची पाळत, प्रयोगशाळा, लशी, औषधे यांवर या चर्चांचा भर असणे स्वाभाविक आहे. तथापि शाळेचे पटांगण कोणत्या दिवशी उघडायचे हा निर्णय जिनिव्हात होत नाही. तो मंत्रालयात, जिल्हाधिकारी कचेरीत व महापालिकेत होतो, आणि तेथे २०२० मध्ये तो १८९७ च्या साथरोग कायद्याखाली, म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी परक्या सरकारने केलेल्या कायद्याखाली, झाला. त्या कायद्याला हुकूम द्यायचा कसा हे माहीत आहे. विचारायचे कोणाला हे माहीत नाही.

तेव्हा मागणी नेमकी करावी लागेल. ‘मैदाने उघडा’ एवढे म्हणून भागत नाही. साथीचा जोर असताना काही आठवडे सर्व बंद ठेवावे लागले तर त्याला आपला पाठिंबा असेल. पण जोर ओसरू लागताच पहिले पाऊल शाळेच्या अंगणाचे असले पाहिजे, मॉल व बार यांच्या आधी. उघड्यावर, आपल्याच वस्तीतील ठरलेल्या पंधरा-वीस मुलांचा एकच गट, तोच प्रशिक्षक, पाण्याची बाटली ज्याची त्याची. प्रथम धावणे, उड्या, मल्लखांब, कवायत. मग खो-खो, हॉकी, फुटबॉल. शेवटी कबड्डी व कुस्ती, आणि तेव्हाही शक्य तेथे लाल मातीचा हौदा छपराखालून बाहेर उघड्यावर आणून. धावताना मुलांच्या तोंडावर मुखपट्टी नको, हे जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितले आहे. काठावर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांच्या तोंडावर ती हवी. आपल्याकडे नेमके उलटे दृश्य दिसत होते. खरा धोका पुष्कळदा मैदानात नसतो, तो मैदानाकडे जाणाऱ्या खच्चून भरलेल्या जीपमध्ये, कपडे बदलण्याच्या खोलीत आणि सामना संपल्यावरच्या वडापावच्या गाडीभोवती असतो. म्हणून परगावच्या स्पर्धा उशिरा, गावातला खेळ आधी. आजारातून उठलेल्या मुलाला लगेच दमछाक करायला लावायची नाही. आठवडा-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवायचे आणि छातीत दुखले, धाप लागली तर थांबवून डॉक्टरांकडे न्यायचे. यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातील माणूस महिन्यातून दोनदा शाळेत आला तरी पुरे. यात परदेशी यंत्रसामग्री कोठे लागते?

लशीबाबत क्यूबाने जे केले ते आमच्या वाचकांना ठाऊक असेल. अमेरिकेच्या नाकेबंदीखाली असलेल्या त्या छोट्या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्याच प्रयोगशाळांत तयार केलेल्या सोबेराना व अब्दाला या लशी दोन वर्षांपुढील मुलांना देण्यास प्रारंभ केला आणि शाळा उघडण्याचे वेळापत्रक त्या मोहिमेशी जोडले. भारतात १५ ते १८ वयोगटाची पाळी ३ जानेवारी २०२२ ला आली, १२ ते १४ वयोगटाची १६ मार्चला. जगाचा औषधखाना म्हणवणाऱ्या देशाने या दिरंगाईचा खुलासा अजून दिलेला नाही.

आता थोडे आपल्याविषयी. त्या काळात आपल्या युवक, विद्यार्थी व महिला आघाड्यांच्या कार्यकर्त्यांनी शिधा वाटला, रक्त दिले, खाटा मिळवून दिल्या, मृतांचे अंत्यविधी केले. त्यात काहींनी प्राणही गमावले. हे काम लहान नव्हते. पण शाळा उघडा ही मागणी आपण उशिरा उचलली आणि मैदाने उघडा ही मागणी बहुतेक ठिकाणी उचललीच नाही. याचे एक कारण असे की खेळ हा आपल्यापैकी अनेकांना अजूनही दुय्यम, क्वचित भांडवलदारी करमणुकीचा विषय वाटतो. गिरणगावातील व्यायामशाळा, कबड्डीची मंडळे, लेझीमची पथके यांतून एके काळी संघटनेला किती माणसे मिळाली हे जुन्या साथींना विचारावे. ती मंडळे आज कोणाच्या फलकाखाली उभी आहेत तेही पाहावे. आपण सोडलेली जागा रिकामी राहिलेली नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने येत्या काही महिन्यांत एक साधे काम हाती घ्यावे. आपल्या वॉर्डातील, गावातील शाळांची पटांगणे, पालिकेची मैदाने, गायरानातील खेळाच्या जागा, तालमी यांची यादी करावी. जागेचे क्षेत्र किती, सातबाऱ्यावर वा पालिकेच्या नोंदीत ती कोणाच्या नावावर, साथीच्या काळात ती केव्हा बंद झाली व केव्हा उघडली, सध्या शाळा सुटल्यावर मुलांना आत जाता येते काय, मुली येतात काय, आणि फाटकाला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असते. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथील मराठी भाषक साथींनी आपापल्या राज्यांतील २०२० ते २०२२ चे आदेश मिळवून त्यांच्या प्रती पाठवाव्यात. महाराष्ट्रातील क्रम आणि तेथील क्रम शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील. गावातील यादी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वी पुरी झाली तर तिच्या आधारे त्याच सभेत ठराव मांडता येईल. शहरांत ती शिक्षण समितीच्या सदस्यांकडे आणि वॉर्ड कार्यालयात लेखी पोचवावी आणि पोच घ्यावी.